गीजची पिसं

आमच्या ह्यांच्या शिकारीचं तुम्हाला सांगितलं का? रिटायर झाल्यावर इथे कॅनडात, विनिपेगमध्ये हे धनुष्यबाण शिकले. बाणाला प्लास्टिकचं पीस नको, खरंच हवं, म्हणून उन्हाळाभर नदीकाठी आम्ही गीजची, म्हणजे इथल्या रानहंसांची, गळलेली पिसं वेचली आणि ह्यांनी बेसमेंटमध्ये बसून बाणांना चिकटवली.

ऑक्टोबरात शेजारचा डग ह्यांना जंगलात घेऊन गेला. धुक्यातून एक हरीण अगदी समोर आलं. ह्यांनी दोरी ताणली, तेवढ्यात डोक्यावरून गीजचा थवा साद घालत दक्षिणेकडे निघाला. हरणानं मान वर केली, ह्यांनीही केली. थवा दिसेनासा होईपर्यंत दोघं तसेच उभे होते. मग हरीण सावकाश झाडीत गेलं.

डगनं विचारलं, “शूट का नाही केलंस?”

हे म्हणाले, “ते आकाश बघत होतं रे. अशा वेळी कसं मारायचं?”