बशीतली दमयंती

...आणि टँकर आठवड्यातून एकदा, तोही बत्तीस बिऱ्हाडांत वाटायचा, अन् त्यातलं चांगलं दोन तांबे पाणी मी कशावर घालवायचो? यीस्टवर! हो हो, तेच, पावात घालतात ते! हसू नका. बायको गेलेल्या माणसाला हसू नये.

तुम्हाला सांगतो, मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला माणूस, मला काय कळतंय त्यातलं! दमयंती, म्हणजे आमची ही, कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची अन् उरलेला जन्म एका प्रोटीनच्या मागं. रॅब-वन त्याचं नाव. एवढंसं! पेशीच्या आत बसून करतं काय, तर कालव्याच्या दाराचं काम. जीटीपी नावाचं काहीतरी चिकटलं की दार उघडं, माल पुढं. ते तुटलं की दार बंद. हे पुंजारामनं सांगितलं म्हणून कळलं, तो तिच्या लॅबचा शिपाई, बिडकीनचा.

तर हिनं काय केलं, यीस्टचं स्वतःचं ते प्रोटीन काढून टाकलं अन् त्याजागी माणसाचं बसवलं. कुठल्या माणसाचं? स्वतःचं! दंडातून रक्त काढून, त्यातून तो जीन उचलून... अन् यीस्ट मेलं नाही हो, झकास वाढलं! यीस्ट वाढलं अन् ही गेली. दुष्काळाचं दुसरं वर्ष, जायकवाडीत नुसता गाळ, बीड बायपासला टॉवरवर टॉवर अन् नळाला थेंब नाही, घरोघरी पिंपं भरून ठेवलेली, त्यांत डास. डेंग्यू. आठ दिवसांत खलास. जन्मभर मी लोकांच्या शेताला पाणी सोडलं, अन् माझी बायको साठवलेल्या पाण्यानं नेली.

चौदाव्या दिवशी पुंजाराम दारात. हातात जेवणाचा डबा, डब्यात काचेची बशी. "सर, नवे साहेब म्हनले, समदं मोठ्या कुकरात घालून मारून टाक. माझा हात नाय झाला. ह्याच्यात मॅडम हायेत." आता मला काय कळतंय त्यातलं! मी दोन्ही हातांनी ती बशी घेतली अन् फ्रिजमध्ये ठेवली, दह्याशेजारी.

पण नुसती ठेवून भागत नाही हो! दर पंधरा दिवसांनी बटाटे उकडायचे, ते पाणी गाळायचं, त्यात साखर, ते गोठावं म्हणून गुलमंडीच्या बाजारातून आणलेलं चायना ग्रास, मग कुकरच्या शिट्ट्या, अन् थंड झालं की काडीनं जुन्या बशीतलं नव्या बशीत ओढायचं. मी! ज्याला चहा येत नव्हता! पहिल्या खेपेला हिरवी बुरशी आली. ओट्यापाशी उभा राहून रडलो, खोटं कशाला सांगू. नशीब, पुंजारामनं एक बशी मागं ठेवली होती.

सोसायटीचे चेअरमन नानासाहेब, टँकरच्या नळीपाशी हवालदारासारखे उभे. "मधुसूदनराव, एकट्या माणसाला तीन हंडे कशाला हो?" काय सांगणार? म्हटलं, दोघं आहोत. त्यांनी नळी माझ्या तिसऱ्या हंड्यात सोडली. अन् कामाला येणारी कडूबाई, "आवं दादा, मान्साला प्यायला पानी नाय अन् तुमी त्या दह्याला बटाट्याचं पानी पाजता व्हय?" तिला सांगितलं, कडूबाई, दही नाही, यात बाई आहेत. दुसऱ्या दिवशी पाहतो तर बशीच्या झाकणावर कुंकवाचं बोट! म्हणाली, "सवाशीन गेल्या ना बाई."

अशी दोन वर्षं काढली. अन् परवा मृण्मयी आली, हिची लाडकी विद्यार्थिनी, आता हैदराबादला असते. मी ऐटीत बशी पुढं केली. "काका! तुम्ही हे जगवलंत? अहो, हे वाढतंय म्हणजे ते प्रोटीन आत आहेच, त्याच्याशिवाय हे जगूच शकत नाही!" माझा ऊर असा भरून आला... म्हटलं, म्हणजे दमयंती आहे ना गं आत?

पोरीनं बशी हळूच टेबलावर ठेवली. "काका... मॅडमनी हेच प्रोटीन का निवडलं, कारण ते कुणाचं वेगळं नसतंच. मॅडमचं, तुमचं, माझं, उंदराचंसुद्धा अक्षर न् अक्षर तेच. यीस्टचंही बरंचसं तेच, म्हणून तर अदलाबदल चालली. ज्याच्यावाचून जगता येत नाही, ते कोट्यवधी वर्षं बदलतच नाही."

मग यात तिचं असं काय?

"तसं... काहीच नाही, काका."

काहीच नाही! म्हणजे झाकणावरचं ते कुंकू उंदरालाही चाललं असतं! मला काय कळतंय त्यातलं, म्हटलं, मला कुणी सांगायला नको होतं का?

तर ती माझ्याकडं बघतच राहिली. "पण तुम्हाला तर माहीत असेल ना? मॅडम म्हणायच्या, प्रत्येक प्रयोग मी आधी घरी यांना समजावते. यांना पटला, तरच करते."

आता तिला काय सांगू... सांगितलं असणार हो. रोज जेवताना सांगायची, हात खरकटा तसाच ठेवून. मी बातम्या बघत ‘हं’ म्हणायचो. त्या ‘हं’वर तिनं अठ्ठावीस वर्षं प्रयोग केले.