झाड क्रमांक दोनशे चौदा

नाही सर, ते झाड नव्हे, काठी आहे. झाड तिला बांधलं होतं — ते मार्चमध्येच वाळलं, काठी राहिली, वरची नंबराची चकतीही राहिली. तुम्ही चकत्याच मोजताय, हो ना? मोजा, मोजा. लावली चारशे बारा, काठ्या उभ्या तीनशे छप्पन्न — म्हणजे शहाऐंशी टक्के जगली! लावणारा सतीश, बेळगावकडचा — ज्या टोळीनं मलवाहिनीचे पाईप टाकले तिच्याच हातात शेवटी रोपं दिली, तीही जानेवारीत, पाऊस संपल्यावर. तो म्हणाला, "मॅडम, झाड मेलं तरी काठी काढायची न्हाई, असं सांगितलंय." आणि हसला. मी नाही हसले. — हसले थोडी.

मला गटार नको होतं असं समजू नका हं. वरच्या वाड्यावरचं संडासाचं पाणी या व्हाळात — ओढ्यात — उतरायचं, मुलांना कावीळ व्हायची. पाईप हवाच होता. फक्त काठ खणलात तर काठ होता तसा परत करा, हे कलम माझं, अहवालात मीच घातलेलं. डेन्मार्कात दोन वर्षं दुसरं काय शिकले? वाटलं, सुरुवात आपल्याच गावापासून, साखळी शहरापासून दोन मैलांवर — कोण रोखणार?

पण 'होता तसा' म्हणजे कसा? ते गोकुळदासकाकांना ठाऊक — ते घर त्यांचं, माडांमागचं. मी पाहणीला आले पाईप पडायच्या आधीच्या मे महिन्यात, अहवाल दहा जूनला द्यायचा होता. व्हाळ कोरडा, काठावर नुसती काटेरी झुडपं. काका म्हणाले, "बाय, आता तुका कितें दिसतलें? चवथीक यो." चवथ म्हणजे आमचा गणपती. मी म्हटलं, काका, अहवाल गणपतीसाठी थांबत नाही. फार हुशार वाटलं मला ते वाक्य. आणि लिहिलं — हंगामी नाला, किरकोळ झुडपं, विशेष महत्त्वाची वनस्पती नाही.

तुम्ही पुण्याचे, तुम्हाला माटोळी माहीत नसेल. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट बांधतात, तिला रानातली फळं, शेंगा, वेली टांगायच्या. काकांच्या माटोळीला छत्तीस जिनसा, आणि साऱ्या या एका काठावरच्या — कवंडळ, कांगलां, वाजणाऱ्या घागऱ्या. पावसात उगवतात, चवथीला पिकतात. छत्तीस! तीच तर यादी, जी मी करायला हवी होती — दर वर्षी घरात टांगलेली, मी लहानपणी तिच्याखाली बसून आरत्या म्हटलेली.

यंदा काकांनी बोलावलं. गेले. माटोळीला नारळ, केळी, सुपारी, सगळं बाजारातलं — आणि मधोमध इथल्याच एका काठीवरची चकती. दोनशे चौदा. "तुज्या झाडाचें फळ गो, बाय." बस्स, एवढंच. मग चंद्रावतीकाकींनी नेवऱ्यांची — करंज्यांची — ताटली पुढे केली. मी खाल्ल्या. दोन.

म्हणून सांगते, सही करू नका. तुम्ही सही केलीत की ठेकेदार सुटला, हा काठ कायमचा असाच. लिहा, मूळ पाहणीच चुकीची होती — हो, माझी. — माझं पुढचं काम? तुये गावचं? जाईल ना, जाऊ दे. — काय? यंदाच्या जूनचा, झाडं जगल्याचा अहवाल? त्यातही शहाऐंशीच? अहो, तेव्हा कुणी खाली उतरलंच नाही, पुलावरून गाडीच्या काचेतून काठ्या स्पष्ट दिसतात, पानं आहेत की नाहीत ते दिसत नाही, पाऊस पडत होता, आणि मला साडेचारला पणजीला —

...

दाखवू नका. ठाऊक आहे कुणाची सही आहे.

तुमचा पेन ठेवा खिशात. गाडीत जाऊन बसा, हवं तर निघा. मला या काठ्या उपटायच्या आहेत. पुन्हा कुणाला मोजता येऊ नयेत.