ब्रेकचा दिवा

—नाही नाही, तो काळा दोरा कापू नका भाऊ, तेवढा राहू द्या. भूषणच्या मायनं बांधलाय, भिकुबाईनं. तुम्ही म्हणाल, गाडीच्या तोंडाचा चेंदा झाला, पोरगं दवाखान्यात पडलं, आणि आबा दोरा कसला जपताय — पण ती म्हणते, दोरा होता म्हणून जीव वाचला. आता तिच्याशी कोण वाद घालणार? मी तर नाही घालत. दोरा सोडून बाकीचं बठ्ठं खोला. टाकी उतरवा, वायरी उपसा, काय वाटेल ते करा. फक्त त्या यंत्रातली खोट काढून दाखवा मला. मी इथंच बसतो टायरवर. मला घाई नाही. — घाई आहे, पण तुम्हाला घाई करणार नाही.

काय म्हणता, कोणी बसवलं? जळगावच्या एका पोरानं. भूषणनं मोबाइलवर बघून मागवलं होतं. मला काही त्यातलं कळत नाही, मी बैलगाडीचा माणूस, पण त्यानं अंगणात गाडी उभी करून मला समजावलं होतं — आबा, हे बटण दाबलं की गाडी आपला वेग आपणच धरून ठेवते, एक्सलेटर पिळत बसावं लागत नाही. आणि ब्रेक दाबला की यंत्र सोडून देतं, आणि मागं लाल दिवा लागतो. लहान लेकरासारखं दहादा दाखवलं. किती दिवसांनी हसताना पाहिला होता त्याला! हात गेला होता ना त्याचा. उजवा. कापसाच्या जिनमध्ये कामाला होता, रोलरनं ओढला. गेला म्हणजे आहे, पण मनगट वळत नाही, आणि ही पहिली दोनच बोटं चालतात, अंगठ्याजवळची. ब्रेक ओढता येतो त्या दोन बोटांनी, पण एक्सलेटर पिळून धरता येत नाही. म्हणून ते यंत्र. गाडी चालवायला लागला तसा पुन्हा माणसात आला, भाऊ. त्याच्याआधी ताटावर बसायचा नाही कोणासोबत. डाव्या हातानं खावं लागतं ना. एका लग्नात पंगतीला कोणीतरी म्हणालं, अरे पाहुणा आशीर्वादही डाव्याच हातानं देणार की काय. झालं. त्या दिवसापासून चुलीजवळ भिंतीकडं तोंड करून जेवायचा.

लागला? दिवा लागला? ... परत दाबा. ... लागला. पुन्हा लागला. यंत्रानंही वेग लगेच सोडला ना? — दिवा लागला म्हणून तोंड पाडलेलं असं गिऱ्हाईक तुम्हाला पहिल्यांदाच भेटलं असेल. हसा, हसा. काही हरकत नाही.

सांगतो. ललित आहे ना, दुधाची गाडी चालवतो, तो भूषणच्या मागंच होता त्या दिवशी. भला पोरगा आहे, त्यानंच उचलून धुळ्याला नेला, त्याच्या कपड्यांवर माझ्या पोराचं रक्त होतं. दवाखान्याच्या दारात मला म्हणाला, काका, मुकटी गावाच्या पुढं केळीची ट्रॉली उभी होती, लांबून दिसत होती, भर दुपार — पण भूषणच्या गाडीचा ब्रेकचा दिवा लागलाच नाही. सरळ गेला. बस्स, एवढंच म्हणाला. वाईट मनानं नाही म्हणाला. पण तेवढं एक वाक्य, भाऊ, आमच्या आधी गावात जाऊन बसलं. पारावर मी गेलो की बोलणं थांबतं. बायका भिकुबाईला म्हणतात, जप गं बाई पोराला. जप म्हणजे काय? कशापासून जप? — समजलं ना तुम्हाला. मला तोंडानं म्हणायला लावू नका.

हां? पायाच्या ब्रेकची वायर? जोडलेलीच नाही? मग बघा! मग हीच खोट! ... हो. हो, बरोबर आहे तुमचं. हाताचा ब्रेक दाबला असता तर दिवा लागला असता. आणि समोर ट्रॉली दिसल्यावर माणूस हात-पाय दोन्ही दाबतो. बरोबर आहे. मला वाटलं सापडली.

एक करा ना माझ्यासाठी. येडा म्हणा पाहिजे तर. ती गाडी बाहेर उन्हात लावा. झालं ते उन्हात झालं, आणि तुम्ही बघताय सावलीत. पिकावरची कीड सकाळी गेलं तर दिसत नाही, ती ज्या वेळेला निघते त्या वेळेलाच जावं लागतं. लावा उन्हात, आणि ब्रेकला हात लावू नका. हायवेवर रस्ता सरळ, त्यानंही बराच वेळ ब्रेकला हात लावला नसेल. तोवर चहा सांगतो मी. — हं, अशी. जरा पुढं घ्या, त्या पत्र्याची सावली येतेय.

गूळ आहे का यात? बरा आहे.

कुठं चालला होता? धुळ्याला. सामान आणायला. — नाही, आखाजीच्या सणाला कसली दुकानं उघडी असणार, तुम्हीही शहाणेच आहात. आता सोबत चहा पितोय तर खोटं कशाला बोलू. दोंडाईच्याला चालला होता. त्या दिवशी तिथं कामिनीचं लग्न होतं. भूषणशी सुपारी फुटली होती तिची, दोन्ही घरचं ठरलं होतं. हात गेल्यावर तिच्या वडलांनी माणूस पाठवून मोडलं. त्या माणसाला मी चहा पाजून वाटेला लावलं. मलाही पोरगी असती तर मीही... जाऊ द्या. आम्हाला वाटलं, विसरला. आखाजीची घागर पुजली, सांजोऱ्या खाल्ल्या, आणि कपडे बदलून आला आणि माझ्या पाया पडला. सणाला पडतात, मला माहीत आहे. पण हा कधी पडत नव्हता, भाऊ, याला दरवर्षी मान धरून वाकवावं लागायचं. त्याच्या मायला तेव्हाच काय ते कळलं. ती आत पळाली, दोरा घेऊन आली, आणि ह्या ब्रेकच्या मुठीला घट्ट बांधत बसली — तो गाडीवर बसलेला, ही बांधतेय, एकावर एक वेढे. म्हणाली, मना पोऱ्याले कोनी नजर नको लागाले. तो म्हणाला, माय, आता सोड, उशीर होतोय. असं म्हणाला. उशीर होतोय.

कशाला उशीर, ते मला कळलं पाहिजे ना.

त्याला विचारू? कसं विचारू? जबडा बांधलाय त्याचा, बोलता येत नाही, पण मान हलवता येते. मी विचारलं तर तो हो किंवा नाही करेल. म्हणूनच नाही विचारत. रोज उशाशी बसतो, पाणी चमच्यानं सोडतो, तो माझ्याकडं बघतो, मी सलाईनकडं बघतो. बापानं पोराला विचारायचं का, की बाबा, तू मरायला निघाला होतास का? आणि त्यानं मान हलवली तर? ... म्हणून गाडीला विचारतोय. गाडी खोटं बोलणार नाही, आणि रडणार पण नाही. उद्या-परवा घरी सोडतील त्याला. घरी विहीर आहे. कपाशीवर मारायचं औषध आहे. रात्री मी झोपायचं की नाही? त्याला एकट्याला शेतात पाणी धरायला पाठवायचं की नाही? एवढंच ठरवायचंय मला. बाकी त्याचे हात-पाय देवानं जसे ठेवले तसे. त्या नर्सबाईनं तर त्या दोन बोटांवरचे फोड दाखवले मला, म्हणे आजोबा, हे मार लागल्याचे नाहीत, भाजलंय कशानं? म्हटलं सायलेन्सर लागला असेल. फोडाचं काय घेऊन बसता, बाई, म्हटलं.

झाला का वेळ? करा चालू. बटण दाबा. ... हं, धरला वेग, मागचं चाक एकसारखं फिरतंय. आता दाबा ब्रेक.

दाबा ना.

दाबलाय? — पण चाक फिरतंय. दिवा... दिवा नाही लागला. भाऊ, दिवा नाही लागला! सोडा, पुन्हा — नाही लागला! इंजिन तसंच ओरडतंय! बंद करा, बंद करा. हात लावू नका कशाला. मी डोळ्यांनी बघितलं ना? तुम्हीही बघितलं ना?

कुठं अडकलंय? मुठीच्या बुडाशी? ते बारकं बटण — ब्रेक दाबला की बाहेर यायला हवं, ते आतच रुतून बसलंय? चिकटलंय? कशानं चिकटलं? ... दोरा काढावा लागेल. हां. काढा. काढा, आता काढा. हळू. ... हे काय काळं? ऑइल? — थांबा. बिबा आहे तो. नजर लागू नये म्हणून दोऱ्याच्या आत बिबा ओवलाय तिनं, दाभणानं भोक पाडून. उन्हानं त्याचं तेल सुटलं आणि — अहो बोट पुसा! आधी बोट पुसा, खोबरेल लावा, बिबा उतला म्हणजे फोड येतात, मोठाले फोड...

फोड.

दोन बोटांवर. ह्याच दोन. अंगठ्याजवळच्या.

दाबला होता त्यानं. भाऊ, ब्रेक दाबला होता माझ्या पोरानं! असा, आवळून — बिबा फुटेपर्यंत दाबला होता, आणि गाडी ऐकेना. त्याला थांबायचं होतं. थांबायचं होतं त्याला! बोटावर लिहून पडलाय तिथं, आणि मी सलाईनकडं बघत बसलो. ... काही नाही, काही नाही, पाणी नको. बसू द्या मला जरा.

...

माझाच फोन वाजतोय. हे हिरवं बटण दाबून द्या. हां, द्या कानाशी.

हां, बोल भिकुबाई. ... सापडनी, सापडनी. वायर तुटेल व्हती. हां, जळगाववालानीच चूक. त्यानी ब्रेक दाबा व्हता, पन वायरच तुटेल, काय करी तो? ... रडू नको. त्याले सांग, आबा दवाखानामा ई ऱ्हायनात. ... काय? दोरा? ... शे ना. जसाना तसा शे. तुना दोरामुळेच वाचना आपला पोऱ्या. हां. ठेव.

काळा दोरा मिळेल का भाऊ, तुमच्याकडं? टेप नको, दोराच. हं, हाच. तितकेच वेढे घाला, तसेच घट्ट, पण त्या बटणापासून लांब. आत काही नको. आणि तो जुना कागदात गुंडाळून माझ्याकडं द्या, नदीत सोडतो.

तुम्ही काय बघितलं? वायर. तुटलेली वायर बघितली. — नाही, आता काही विचारू नका. बांधा.