निरोपाचा पितळी बुद्ध

…आणि हे कपाळावर काय लावून आणलंस, अरुणा? कुंकू? बुद्धाला कुंकू! अगं, इतकी वर्षं माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहिलीस, वैशाख पौर्णिमेची खीर दोनदा मागून खाल्लीस, आणि हे रिटायर झाले, आम्ही सरकारी क्वार्टर सोडतोय म्हणून भेट आणलीस ती हळदकुंकू लावून — नाही नाही, रुसू नकोस, बस त्या खोक्यावर. मूर्ती कोरडी देऊ नये म्हणून लावलंस, माहीत आहे मला. तुझ्या मनात काही नाही. पण डोकंही चालवलं नाहीस ना!

आण इकडे, पुसते. छे, चिंच कशाला? ही नवी मूर्ती, चकाकी टिकावी म्हणून वर पॉलिशचा थर असतो, चिंच लावलीस तर चट्टे पडतील — मऊ फडकं, बस. चिंच आमच्या जुन्याला. सासऱ्यांनी दीक्षाभूमीवरून आणलेला, घासून घासून नाक सपाट झालंय बिचाऱ्याचं. आणि हा उजवा हात बघितलास का, जमिनीला टेकलेला? दुकानदार काय म्हणाला — पॉझिटिव्ह एनर्जी? वाटलंच! अगं, तो मार, मोहात पाडणारा, बुद्धासमोर येऊन म्हणाला, तू या जागेवर बसायच्या लायकीचा, याला साक्षीदार कोण? तर यांनी जमिनीला हात लावला. ही धरती साक्षीदार. बस, विषय संपला. आणि लोक ठेवतात कुठे यांना, तर चपलांच्या कपाटावर!

कुठे म्हणून काय विचारतेस? आमच्या मुलाकडे, समाधानकडे. गुडगावला. हा एवढा मोठा बुद्ध, खालून लाइट सोडलेला, आणि ध्यानातल्या हातांवर काय — गाडीची किल्ली! कृतिकाच्या मैत्रिणी येतात, ‘वॉव आंटी, कितना पीसफुल लगता है.’ यार, एवढं पीसफुल वाटतं तर ती किल्ली तरी उचला! सून वाईट नाही हं, तिला कोणी सांगितलंच नाही. सांगणार कोण, आमचे चिरंजीव? त्यांच्या दारावरच्या पाटीवर आडनावच नाही — नुसतं ‘समाधान–कृतिका’. म्हणे फॅशन आहे. फॅशन!

परवा फोन आला. आई, सगळं घेऊन या रविवारी, जुनी मूर्तीपण आण, अँटिक वाटेल. बाबासाहेबांचा फोटो मात्र खोक्यातच राहू दे. का रे बाबा? तर, लोक विचारतात. विचारू देत की! ज्यांच्यामुळे तुझ्या बापाला सरकारी खुर्ची मिळाली, तू शिकलास, त्यांना खोक्यात? मी म्हटलं, समाधान, बुद्ध चालतो आणि आपल्याला त्याच्याकडे नेणारा चालत नाही? तर काय म्हणाला माहितीये — ‘आई, बुद्धाकडे बघून कोणाला आपली जात कळत नाही.’ बिल्कुल असंच म्हणाला. माझ्या पोटचा पोरगा. आणि आमचे हे म्हणतात, जाऊ दे कौसल्या, त्याचं घर आहे, आपल्याला राहायचंय तिथे. राहायचं तर आहेच. गावी आता आहे कोण? रडत नाहीये मी, संताप झालाय नुसता.

ऐक ना, अरुणा. तुझ्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर खिळा रिकामा आहे. तो फोटो तिथे लावशील? खोक्यात नको गं तो, मला झोप लागणार नाही. तुला काही करायचं नाही, फूल नको, मेणबत्ती नको. मी गुडगावहून मेट्रोनं येत जाईन, पुसून जाईन. नुसता भिंतीवर असू दे. कोणाच्या तरी घरात, समोर.

काय झालं? तुझ्या विश्वासरावांना विचारायला हवं? विचार की, घरीच आहेत ते. — अच्छा. तुझ्याकडे पाहुणे येत असतात. — अच्छा. — आतल्या खोलीत? दाराच्या मागे?

राहू दे. नाही, राग नाही आला, राहू दे. हा तुझा बुद्ध तेवढा घेऊन जा वर. घे म्हणते ना. हॉलमध्ये ठेव, सगळ्यांच्या समोर ठेव, याच्याबद्दल कोणी काही विचारत नाही. जा आता, मला बांधाबांध करायचीय. दार ओढून घे.