दोनदा हँग झालेली पत्रिका

विंडोजला कुणी शिव्या घातल्या की मला मांडवगणचे आप्पा आठवतात. तेव्हा शिरूरला मी आणि सलीम, आम्ही दोघं लग्नपत्रिका करून द्यायचो. माझ्या कॉम्प्युटरवर विंडोज, सलीमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स. माझा दिवसातून चारदा हँग व्हायचा. सलीमचा कधीच नाही, पण त्याच्यावर मराठी फॉन्ट चालायचा नाही आणि प्रिंटर तर तो ओळखायचाच नाही. हँग व्हायला आधी काम तरी करावं लागतं ना!

आप्पा मुलीच्या लग्नाची पत्रिका करायला आले. निमंत्रकांमध्ये अख्खी भावकी, सगळी नावं तोंडपाठ. चाळीस नावं टाइप केली आणि माझा कॉम्प्युटर हँग. सेव्ह केलं नव्हतं. आप्पांनी पुन्हा सगळी नावं सांगितली. पुन्हा हँग.

तिसऱ्यांदा सांगताना आप्पा मध्येच थांबले. म्हणाले, "आता धोंडिबा लिवा. चुलतभाऊ हाय माझा."

"आप्पा, हे नाव आधी नव्हतं."

"बांधावरनं बोलणं बंद हाय, म्हणून मुद्दाम गाळलं व्हतं. पर दोनदा समदं पुसलं गेलं. म्हटलं, चूक माझीच आसंल."

मी प्रत्येक नावाला सेव्ह करत गेलो आणि पत्रिका छापून दिली.

लग्नाला आम्ही दोघं गेलो, तर पंगतीत धोंडिबाच आग्रह करकरून बुंदी वाढत होते. सलीमला राहवलं नाही. "आप्पा, माझा लिनक्स एकदापण हँग झाला नसता."

आप्पा म्हणाले, "मंग तुला बुंदी कोणी वाढली आसती?"