वीतभर वायर आणि आमचे सासरेबुवा

...आणि तो गिटारच्या दुकानातला दुकानदार मला म्हणतो, "सर, तुमचा टोन वायरमध्ये गळतोय." गळतोय? नळ आहे का तो? तुम्हाला सांगतो, चष्म्याच्या दुकानात सतरा वर्षं काढली मी, गिऱ्हाइकाला घाबरवायचं कसं ते मलाही येतं, "काका, नंबर वाढलाय हं" एवढं हळू आवाजात म्हटलं की माणूस मुकाट्यानं भारीतली काच घेतो, पण हा गडी माझ्याही वरताण. त्यानं खालच्या कप्प्यातून एक मखमली डबी काढली, उघडली, आणि आत काय, तर दोन टोकांना दोन पिना आणि मध्ये वायर. लांबी किती? वीतभर. वीतभर वायर हो, आणि निजवली होती अशी की मी आपोआप आवाज खाली केला.

आता तुमच्यातल्या ज्यांना हे व्यसन नाही त्यांच्यासाठी सांगतो. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज काही सरळ स्पीकरकडे जात नाही, वाटेत पायाशी छोट्या डब्या असतात, पेडल म्हणतात त्यांना, एकीवर पाय दिला की आवाज फाटतो, दुसरीवर दिला की घुमतो, तिसरीवर दिला की आमची ही उठून दार लावून घेते. अशा माझ्या सहा, फळीवर ओळीनं बसवलेल्या, आणि एकीतला आवाज दुसरीत न्यायला मध्ये पाच वायरी. पाचांतली एक खरखरायची. कुठली? तेच तर म्हणतोय मी, कुठली? पहिली बदलली, खरखर थांबली, मी खूश, जरा पाय हलवला, पुन्हा खरखर...

बरं, व्यापारी मंडळाचा वार्षिक कार्यक्रम तीन आठवड्यांवर. आमचा बँड म्हणजे मी, ड्रमवर शेजारच्या दुकानातला औषधवाला आणि गायला शाळेतल्या गणिताच्या बाई. औषधवाला म्हणाला, "तुझ्या गिटारला खोकला झालाय, बाटली देऊ का?" आणि बाई, चष्मा नाकावर आणून, "हे पाहा, पहिल्या ओळीत तुम्ही खरखरलात, तर दुसरी ओळ मी म्हणणार नाही." गणिताच्या बाई त्या, त्यांच्या 'तर'ला माणसानं भ्यावं. आणि हे सगळं कशापायी? वीतभर वायर.

मग मी ठरवलं, मखमलीतली नको, घरीच करू. सुट्ट्या पिना आणल्या, वायरचं वेटोळं आणलं, सोल्डरिंगचं, म्हणजे तारेला कथलाचा टाका मारायचं, यंत्र आणलं, जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला आणि पहिल्या अर्ध्या तासात बोट भाजून घेतलं, टेबलाचं कापड भाजलं आणि पिनेला चिकटवलेला टाका पिन सोडून माझ्या बाहीला चिकटला.

तेवढ्यात सासरे पाणी प्यायला आले.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. सासूबाई गेल्या त्याला वर्ष झालं, तेव्हापासून सासरे आमच्याकडे. आणि तेव्हापासून त्यांचं बोलणंच आटलं. राग नाही, रुसवा नाही. चहा घेता? "हं." जरा फिरून येता? "नको." ही त्यांच्याजवळ बसून पेपर मोठ्यानं वाचायची, मुद्दाम चुकीचं वाचायची, निदान चूक तरी काढतील म्हणून. काढायचे नाहीत. मग ही स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहायची. मी काय करणार? मी चष्मेवाला.

तर सासरे आले, थांबले, वाकले, माझी वायर उचलली, डोळ्यांपाशी नेली आणि म्हणाले, "जावईबापू, हा टाका नाही. ही शिंक आहे."

आत हिच्या हातातलं झाकण पडलं.

अहो, विसरलोच होतो मी. हा माणूस टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं केबल जोडत होता. रस्त्यातल्या खड्ड्यात उतरायचं, शेकडो तारा, केसासारख्या, एकेक जोडायची. आता हात कापतात, यंत्र धरवत नाही, म्हणून ठरलं असं की डोळे त्यांचे, जीभ त्यांची आणि हात माझे. आणि जीभ काय हो ती! वर्षभर धार लावत बसले होते की काय कोण जाणे. "आधी तार तापवा. तार तापली की कथील आपणहून जातं, तुम्ही त्याला ढकलताय कशाला, बस आहे का ती?" "ही बाहेरची जाळी आतल्या तारेला शिवली, आवाज गेला. तुमचा फोन मेला. लोक खात्याला शिव्या देणार." मी म्हटलं, "बाबा, हा फोन नाही." "सगळा फोनच असतो. इकडचं तिकडे जायला हवं, बस."

टाका झाला की ते कापऱ्या बोटांनी वायर ओढायचे. सुटायची. बशीत टाकायचे. दुसरी. ओढायचे, सुटायची, बशीत. एकोणीस वायरी त्या बशीत, आणि प्रत्येक वीतभर... दुकानात दिवसभर मी सुईच्या टोकाएवढे स्क्रू पिळतो, आणि घरी येऊन वीतभर वायरीसाठी शिव्या खातो, आणि त्याही 'अहो-जाहो' करून. मी हिच्याकडे तक्रार केली, तर ही काय म्हणाली असेल? "बोलू देत त्यांना. तुम्ही चुकत राहा."

पण चुकणं काय कायम जमतं? दोन आठवड्यांत हात बसला. पाच वायरी झाल्या, ओढून सुटेनात. सासऱ्यांनी पाचवी ठेवली, "ठीक" म्हणाले आणि खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी चहा? "हं." फिरायला? "नको."

हिनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "एक बिघडवा." म्हटलं, "अगं, कार्यक्रम चार दिवसांवर आलाय." "मग अजून एक डबी आणा, तिला वायर लागेल." आजवर जी बाई माझ्या डब्या भंगारात द्यायला निघाली होती ती म्हणतेय, अजून एक आणा.

आणली. बसलो. चांगला टाका येत होता तो मुद्दाम गार होऊ दिला, डाळीच्या डागासारखा निस्तेज, आणि ठेवला त्यांच्यापुढे. सासऱ्यांनी पाहिलं. मीच करून दिलेल्या चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं.

"हे मुद्दाम केलंय तुम्ही."

मी टेबलावरचं कथील खरवडायला लागलो.

"हिची आई रेडिओची तार उपटून ठेवायची," ते म्हणाले. "मी कामावरून येऊन मुका बसलो की. मी आपला जोडतोय, जोडताना खात्याला शिव्या देतोय, आणि ती समोर भाजी निवडत ऐकतेय. चार वर्षं मला वाटत होतं, रेडिओच वाईट आहे."

वर्षात पहिल्यांदा सासूबाईंचं नाव निघालं घरात. ही दारात उभी होती. आत आली, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बाबा, मग कळलं कसं?" आणि मग ते बोलत राहिले, मी तो टाका पुन्हा नीट मारला, कोणाचं लक्षही नव्हतं.

कार्यक्रम झाला. औषधवाला एकदा पुढे धावला, बाईंनी दुसरं कडवं दोनदा म्हटलं, गणिताच्या असून, पण खरखर? नाव नाही. सासरे पहिल्या रांगेत. खाली उतरलो तर म्हणाले, "गाण्यातलं मला कळत नाही. लाइन स्वच्छ होती." तुम्हाला सांगतो, टाळ्या राहू द्या बाजूला, मला ते पुरलं.

तिथे थांबायला हवं होतं हो सगळ्यांनीच. पण परवा दुकानातून घरी आलो तर दारावरची घंटा वाजेना. आत गेलो, तर मिक्सर उघडलेला, इस्त्री उघडलेली, भिंतीतली बटणं तारांनिशी बाहेर लोंबतायत, आणि सासरे खुर्चीत बसून खालच्या मजल्यावरच्या काकूंना, त्यांच्या जाऊबाईंना आणि आमच्या हिला समजावतायत की जोड कसा असावा. घर आमचं आता दिवसभर बोलतं... फक्त अंधारात.