वडावरची नोटीस आणि आमचं स्वयंपाकघर

आजच्या सभेच्या अध्यक्षा आदरणीय अरुंधतीताई, व्यासपीठावरचे उद्यान विभागातले मान्यवर, आज निवृत्त होत असलेले आपले उद्यान निरीक्षक सयाजीराव काळोखे साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी आणि वसाहतीतल्या माझ्या शेजाऱ्यांनो, सर्वांना सविनय जय भीम आणि नमस्कार!

मी नेहा, तानुबाईंची मुलगी. चाकणच्या कंपनीतली शिफ्ट बदलून आलेय, तेव्हा मी लवकर खाली बसेन अशी आशा कुणी ठेवू नये.

साहेबांची ओळख मी काय करून देणार? फांदी छाटायची असो की झाड पाडायचं असो, परवानगीसाठी आपण सगळ्यांनी यांचंच डोकं खाल्लंय. त्यात आमची आई पहिल्या नंबरावर! आमच्या बैठ्या घरामागच्या वडाची एक जाडजूड फांदी थेट स्वयंपाकघरावर आली होती. गेल्या वर्षी उन्हाळ्यात तिचा तुकडा कोसळला, पत्रा फाडून ओट्यावर पडला. आई पाणी भरायला बाहेर गेली होती म्हणून वाचली. तिनं अर्जच केला, हा वड तोडा. नियमाप्रमाणे साहेबांनी झाडावर नोटीस लावली, कुणाची हरकत असेल तर मुदतीत कळवा.

आणि मध्येच आली वटपौर्णिमा! बायका नटूनथटून, ताटं घेऊन हजर. आता मला सांगा, झाडावरचा कागद आपल्याकडे वाचतं कोण? रावेतच्या फ्लॅटची नाहीतर क्लासची जाहिरात असणार! फेऱ्या मारता मारता सगळ्यांनी नोटिशीवरच सूत गुंडाळलं. हसू नका सरूबाई, तुमचंच सूत सगळ्यात वर होतं. ज्या वडाला हात जोडले, तो तोडायला एकीचीही हरकत गेली नाही.

मुदत संपली. आई खूश. साहेब शेवटच्या पाहणीला आले, सुताकडे बघितलं आणि म्हणाले, "ही नोटीस कुनाला दिसलीच न्हाई. पुन्हा लावाया लागंल."

आई काय भडकली म्हणता! "पाऊस तोंडावर आलाय साहेब! मी मेल्यावर लावणार का नोटीस?"

"तानुबाई, फांदी धोक्याची हाय, ती उद्याच काढतो. झाडाचं मातुर समद्यांना विचारून."

त्याच दिवशी नवी नोटीस लागली तशी बायकांनी ती वाचली, आणि सरूबाईंना पुढे घालून अख्खा जथा आमच्या दारात! "वड तोडता म्हणजे काय?" इकडून आई, तिकडून त्या. साहेब मधे. ते एवढंच म्हणाले, "हरकत लिवून घेतो. पन आधी आत जाऊन वर बघून या."

आता जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. इतक्या वर्षांच्या शेजारात यातली एकही बाई आमच्या घरात आली नव्हती. हळदीकुंकवाचं सोडा, साधं चहालासुद्धा नाही. का, ते कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशीही उंबऱ्याशी सगळ्या थबकल्या. मग सरूबाई आत गेल्या. फाटक्या पत्र्यातून वर बघितलं. "अगं बया! तानू, तू ह्याच्याखाली भाकरी थापतेस व्हय?" त्यांचे डोळे भरून आले हो! बाहेर येऊन त्या साहेबांना म्हणाल्या, "आधी फांदी काढा, मग आमची हरकत लिवा."

आईनं चहाचं आधण ठेवलं. सरूबाईंनी बशीत ओतून तो संपवला. मग बाकीच्या आत आल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः उभं राहून फांदी उतरवली. आईनंच अर्ज मागे घेतला. "माझं भांडण वडाशी कुठं होतं? मला डोक्यावर धड छप्पर पायजे होतं."

साहेब, सही करून मोकळं होणं तुम्हाला सहज जमलं असतं. मुदत संपली होती, कागद पूर्ण होते. तुम्ही आमच्या शिव्या खाल्ल्या आणि सगळ्यांना घरात पाठवलंत. हे उपकार मला शब्दांत सांगता येत नाहीत.

बोलताना कुणाचं मन दुखलं असेल, तर घरच्या पोरीचं बोलणं समजून सोडून द्या. आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, मी मनापासून आभारी आहे. जाता जाता आईचा निरोप तेवढा सांगते. ती म्हणाली, "साहेबांना म्हणावं, आता पाहणीला नको, वहिनींना घेऊन जेवायला या. फक्त आधी कळवा, चहाच्या वेळेला आमच्या स्वयंपाकघरात हल्ली बसायला जागा नसते."